तुमच्याने होणार नाही

कृतिका : ताप नाहीये तुम्हाला, अण्णा. दोनदा हात लावून बघितला मी.

बाबुराव : ताप आहे असं मी म्हणालोच नाही. बरं वाटत नाही म्हणालो.

कृतिका : नेमकं कराराच्या रविवारीच? वर्षातून एकदा चर्चमध्ये सगळी मंडळी उभी राहून देवाला पुन्हा शब्द देते, आणि तो घ्यायला तुम्हीच नाही? डोंबिवलीहून विठ्ठलवाडीला सकाळी सकाळी काय तुमचं पांघरूण बघायला आले मी?

बाबुराव : पाळकसाहेब घेतील शब्द.

कृतिका : ते तर म्हणतात, हे काम अण्णांचंच. मला कळायला लागल्यापासून तुम्हीच विचारताय, ‘आजपासून कोणाची सेवा कराल?’

बाबुराव : दार लोटून घे जरा.

कृतिका : काय झालं?

बाबुराव : माझा विश्वास राहिला नाही गं. तुझी आई गेली तेव्हापासून. प्रार्थनेला बसतो, शब्द येतात, पण पलीकडे कोणी ऐकतंय असं वाटत नाही.

कृतिका : मग गेली दोन वर्षं तिथं उभे राहून...

बाबुराव : खोटं बोललो. देवाच्या नावानं, सगळ्यांच्या तोंडावर. लाज वाटते मला.

कृतिका : मग सांगून टाका ना एकदाचं! कोण काय खाणारे तुम्हाला?

बाबुराव : सांगू कोणाला?

(दारावर थाप.)

गोपीनाथ : जय ख्रिस्त, अण्णा! अजून लुंगीवरच? रिक्षा खाली लावलीय, चला. जय ख्रिस्त, ताई.

कृतिका : जय ख्रिस्त. त्यांना जरा बरं नाहीये, गोपीनाथ.

गोपीनाथ : असं नका ना करू, अण्णा. ताई, मी दारू सोडली ना, ती ह्यांच्यामुळं. ते विचारतात, कोणाची सेवा कराल? आपण म्हणतो, देवाची. मग बायबलातल्या यहोशवासारखं हे उलटंच बोलतात, ‘तुमच्याने होणार नाही.’ खरं सांगतो, धडकीच भरते. सगळे ओरडतात, ‘नाही, आम्ही करूच.’ माझा आवाजच निघत नाय. मग अण्णांच्या तोंडाकडं बघतो. वाटतं, ह्या माणसाला पक्कं माहितीय. की निघतो आवाज.

बाबुराव : गोपीनाथ, अरे...

गोपीनाथ : थर्टी फर्स्टला शहाडला दोस्तांनी ग्लास भरून हातात दिलेला. ठेवला खाली. बोललो, रविवारी अण्णांसमोर उभं राहायचंय. आज तुमच्या बाजूलाच उभा राहू?

बाबुराव : राहा.

गोपीनाथ : बस्स! रिक्षा वळवून आणतो, तोवर कपडे करा.

कृतिका : गेला खाली.

बाबुराव : बघितलंस? आता बोल, सांगू कोणाला? त्यानं ग्लास माझ्या भरवशावर खाली ठेवला. मी बाजूला झालो तर तो पडेल. आणि तिथं उभा राहिलो की माझा जीव गुदमरतो.

कृतिका : सदरा कुठला काढू?

बाबुराव : पांढरा. तुझ्या आईनं शिवून घेतलेला.

कृतिका : अण्णा, तिथं म्हणता ते सगळंच खोटं असतं?

बाबुराव : एक वाक्य सोडून. ‘तुमच्याने होणार नाही.’ पूर्वी म्हणायचं म्हणून म्हणायचो. आता तेवढंच पोटातून येतं. म्हणतो आणि जरा थांबतो. वाटतं, एखाद्यानं तरी म्हणावं, खरंय अण्णा, नाही होत माझ्याच्याने. म्हणजे मी एकटा नाही, एवढं तरी कळेल. पण सगळे आपले, करूच, करूच.

कृतिका : आज मी मागे नाही बसणार.

बाबुराव : म्हणजे?

कृतिका : पहिल्या बाकावर बसते. तुम्ही थांबलात की मी म्हणेन. मला तरी कुठे जमतंय, आई गेल्यापासून.

बाबुराव : तुलाही?

कृतिका : बटणं लावा. हॉर्न वाजवतोय तो.

बाबुराव : हळू म्हण हं, बाळा. गोपीनाथ माझ्या बाजूलाच उभा असेल.