काकांनी हाणलेला नारळ

कॉलेज सोडून मी एका शेठच्या शिडाच्या बोटीवर राखणीला राहत होतो, तेव्हाची गोष्ट. बोट अपोलो बंदरासमोर नांगरलेली. आमच्या फणसवाडीत 'पोरगं वाया गेलं' यावर जेवढं एकमत होतं, तेवढं संयुक्त महाराष्ट्रावरसुद्धा नव्हतं.

रोज सकाळी एक डॉल्फिन पिलाला घेऊन यायची. आधी लांबूनच जायची. मी महिनोन् महिने गप्प बसलो, तेव्हा कुठे तिची भीड चेपली आणि ती पिलाला बोटीपाशी आणू लागली. आयुष्यात मला जमलेली ही एकच गोष्ट.

एक दिवस काका मला घरी न्यायला होडीने आले. पहिल्यांदाच समुद्रावर जायचं म्हणून काकूने त्यांना वाहायला नारळ दिलेला.

"मासे बघून पोट भरतं का रे?" ते सुरू झाले, तोच शेजारी पिलू वर आलं.

"मगर!" काका किंचाळले आणि त्यांनी नारळ नेम धरून पिलाला हाणला. मायलेकरांनी बुडी मारली, ती परत आलीच नाहीत.

"काका, काय केलंत हे!"

"असेल कुठला तरी बाहेरचा मासा. एवढा काय तळमळतोस?"

संध्याकाळी हाच गृहस्थ चौपाटीवर 'मुंबई आमची' म्हणून घसा फोडणार होता!

"बाहेरचा? आपले पणजोबा राजापूरहून पोट भरायला आले, तेव्हा त्याचे पणजोबा इथंच पोहत होते. बाहेरचे आपण!"

काकांनी वाडीत जाऊन सांगितलं, "पोराला बाधा झालीय. माशाला पणजोबा म्हणतो."

झालं! अंगारे आले, ताईत आले, आईने उपास धरले. पिलाला लागलं का, हे मात्र एकानेही विचारलं नाही.