साहेबांचा धूर

ड्रायव्हर : आधी ते नाव पुसा. मग बोलू.

कारकून : काका, बसा तरी. कुठलं नाव?

ड्रायव्हर : जिन्याशेजारच्या फळ्यावरचं. ‘सर्वांत जास्त धूर कोणाचा’, आणि खाली लाल शाईत मी. माझी लेक इथंच तिसऱ्या मजल्यावर कामाला आहे. सकाळपासून तिला विचारतायत, वडील घरी भट्टी चालवतात का.

कारकून : अहो, तो कार्बन फूटप्रिंटचा फळा. आपल्या राहण्या-फिरण्यातून हवेत किती कार्बन जातो, ते काढलंय. फॉर्म तुम्हीच भरलात ना? ‘रोज गाडीने किती फिरता?’ तुम्ही लिहिलंत, एकशे चाळीस किलोमीटर.

ड्रायव्हर : मग खोटं लिहू? तेवढीच चालवतो. साहेबांची.

कारकून : तसं लिहिलं नाहीत तुम्ही.

ड्रायव्हर : तसं विचारलं कुठे? मी घरून येतो सायकलवर. घरात दोन पंखे, त्यातला एक बंद. विमान आजवर खालूनच बघितलंय. साहेबांनी काय लिहिलं?

कारकून : त्यांनी... ‘मी गाडी चालवत नाही.’

ड्रायव्हर : खरंच आहे. मागे बसतात.

कारकून : सर्वांत कमी धुरात त्यांचा पहिला नंबर आलाय. आज बक्षीस आहे.

ड्रायव्हर : चोर सोडून संन्याशाला फाशी, हे ऐकून होतो. चोराला हारही घालतात, हे आज कळलं. मॅडम, साहेब खाली उतरायच्या आधी पंधरा मिनिटं गाडी चालू ठेवावी लागते, एसी लावून. बसताना आत गार पाहिजे. मी एकदा म्हटलं, साहेब, काचा उघडू, आपोआप निवेल. म्हणाले, तू तुझं काम बघ. तोच धूर आता माझ्या तोंडाला फासलात तुम्ही.

कारकून : मला काय राग येत नाही? पण यादीवर साहेबांची सही आहे. ती बदलायची तर पुन्हा त्यांचीच सही लागते.

ड्रायव्हर : मग घ्या ना.

कारकून : मी मागू?

ड्रायव्हर : मागायला मी गेलो तर उद्या सायकलवरच राहीन.

(टेबलावरचा फोन वाजतो.)

कारकून : हो सर. सांगते सर. ...काका, गाडी दाराशी लावायची आहे. एसी लावून. समारंभाला निघायचंय.

ड्रायव्हर : कुठे आहे तो?

कारकून : समोरच्या सभागृहात.

ड्रायव्हर : म्हणजे रस्ता ओलांडला की?

कारकून : हो.

ड्रायव्हर : गाडीला चौकातून वळसा पडतो. दीड किलोमीटर. काढा तो फॉर्म, हेही लिहा माझ्याच नावावर.