सुधीरचा रॉक शो

रॉकचं काय सांगता, आमच्या सुधीरचं ऐका. भूकंपानंतर लातुरात फरशी जरा हादरली की आम्ही आधी बाहेर पळायचो, मग विचार करायचो. सुधीर नांदेडचा, कॉलेजसाठी आलेला. त्यानं मंगल कार्यालयात रॉक शो ठेवला. ड्रमचा पहिलाच दणका बसला, फरशी थरथरली, अन् ड्रमवाल्यासकट सगळे मैदानात! सुधीर डोळे मिटून गातच राहिला. गाणं संपवून बाहेर आला.

"इतकं वाईट गायलो का रे?"

आम्ही समजावलं. हसला, पण पुन्हा गिटार धरली न्हाई. एकानं तरी आत थांबायला पाहिजे होतं.

आता कोचिंगला फिजिक्स शिकवतो. परवा म्हणलं, "एखादं गाणं म्हण की लेका."

"म्हणतो," म्हणला, "आधी दाराला कडी लाव."