पापलेटं, बटाटे आणि पाचवा दिवस

नाही, पण पापलेटं तरी खाली ठेवू द्यायची ना! अहो दोन किलो, बर्फासकट, पिशवी माझ्या मांडीवर, पाणी थेट पँटीत… आणि समोर अपूर्वाचे बाबा टीव्हीवरची नजर न हलवता ओरडतायत, "हालू नको!"

तुम्हाला सांगतो, मी परेश, कांजूरचा कोळी, आणि काम काय करतो, तर दहा मिनिटांत किराणा घरपोच! त्या गोडाऊनचा मी मॅनेजर. अकरावं मिनिट लागलं की माझी स्क्रीन लाल, आणि गिऱ्हाईक तर त्याच्या आधीच लाल. ज्याला लिफ्टची वाट बघवत नाही असा मी माणूस, आणि मला त्या रविवारी मुलुंडला जाऊन काय करायचं होतं? अपूर्वाच्या बाबांना, धाकूकाकांना, एवढंच विचारायचं होतं, "काका, अपूर्वाशी लग्न करू का?" किती वेळ लागतो हो याला? मी पंधरा मिनिटं धरलेली, त्यात पाच चहाची! अकराची शिफ्ट होती. आई मासे विकते माझी, ती म्हणाली, "रिकाम्या हातानं जातंस का रं?" आणि दिली पिशवी हातात.

दहाला बेल वाजवली. आत कोण तरी किंचाळलं. पाचवा आउट! कसोटीचा शेवटचा दिवस, जिंकायचं तर आपण कधीच विसरलेलो, फक्त दिवसभर उभं राहायचं, मॅच वाचवायची. दार उघडलं अपूर्वाच्या आईने, शेवंतीकाकूंनी, मी आत जाऊन प्लॅस्टिकच्या स्टुलावर नुसता टेकलो, एक पाय दुमडलेला, मांडीवर पिशवी… आणि त्याच बॉलला फोर! पुढच्या ओव्हरला कॅच सुटला! काकांनी हळूच मान वळवली, मला वरपासून खालपर्यंत बघितलं, पिशवी बघितली, दुमडलेला पाय बघितला. झालं! माझी वाट लागली!

"काका, मी काय म्हणत होतो…"

"हालू नको!"

अहो वीस मिनिटांत पायाला मुंग्या, अकरा वाजल्यापासून फोन खिशात थरथरतोय, गोडाऊनमधून निशाच असणार, "परेशदादा, कुठे आहेस? अकरा ऑर्डरी लटकल्यात!" आणि फोन काढायचा तर हात हलवायला लागतो! काकू बिचाऱ्या किचनमधून, "अवो, मासे खराब होतीत!" तर काका, "होवंदेत! थंय पार्टनरशिप चल्ली हा!" अपूर्वाकडे बघितलं, म्हटलं सोडवेल. ती डोळ्यांनीच सांगते, बस रे, प्लीज बस. तिने मला आधी सांगितलेलं, "बाबा एकदम चांगले आहेत, फक्त मॅच चालू असताना थोडे…" थोडे? याला थोडे म्हणतात?

साडेअकराला लंच. मी म्हटलं, सुटलो! काकूंनी पापलेटं नेली, तळली, काय तळली यार, झकास! जेवून हात पुसतो तोच काका हजर, तीच ओली पिशवी घेऊन, आत दोन किलो बटाटे! "वजन तेवढाच हा. बस थंयच. पाय दुमड." सांगा, मी काय करायचं होतं? मुलगी त्यांची, बटाटे त्यांचे, मी बसलो.

आणि ते टीव्हीवरचे दोघे काय करत होते? काहीच नाही! बॉल येतो, बॅट पुढे, थप्प. परत बॉल, परत थप्प. चाळीस मिनिटांत अकरा रन! मी मनात म्हटलं, मारा रे कोणीतरी, नाहीतर आउट तरी व्हा, काहीतरी होऊ द्या! तीन वाजले. मी म्हटलं, आता नाही राहवत. न हलता, ओठ सुद्धा जेमतेम हलवत म्हटलं, "काका, मला अपूर्वाशी लग्न…"

दांडी गुल!

घरातली तिन्ही माणसं माझ्याकडे बघायला लागली. अपूर्वासुद्धा! अहो तीनशे किलोमीटरवर एक माणूस बोल्ड होतो आणि खुनाचा आरोप माझ्यावर! काका एवढंच म्हणाले, "तोंडपण हालवू नको."

मग धडाधड दोन गेले. आठ आउट, शेवटचा तास, आणि आला कोण, तर आपला फास्ट बोलर, ज्याला बॅट धरता येत नाही. पहिलाच बॉल बरगडीत. वाकला, बरगडी चोळली, परत उभा राहिला. पुढचा बोटांवर. फुंकर मारली, परत उभा. त्याला कुठे पोहोचायचं नव्हतं, काही जिंकायचं नव्हतं, नुसतं तिथून जायचं नव्हतं. आणि तुम्हाला सांगतो, मी रोज पोरांना पळवतो, पळ, पळ, दोन मिनिटं राहिली, आणि इथे हा बाबा तासभर एक रन न काढता उभा, आणि अख्खी बिल्डिंग प्रत्येक थप्पला ओरडतेय, "शाब्बास!" फोन परत थरथरला. मी काढला, बंद केला. काकांनी ते बघितलं आणि परत टीव्हीकडे वळले.

शेवटची ओव्हर. काकू देवाजवळ, अपूर्वाने तोंडावर ओढणी घेतलेली, आणि दूधवाला बेल वाजवतोय तर ओरडलं कोण? मी! "हालू नको!"

सहा बॉल. सहा थप्प. मॅच ड्रॉ!

काकांनी टीव्ही बंद केला, माझ्या मांडीवरची पिशवी स्वतः उचलली आणि म्हणाले, "माझो होकार सकाळीच झालेलो."

"सकाळीच? काका, मग सांगायचं ना!"

"तुका सांगून काय? तू पाया पडूक उठलं असतंस, आणि थंय विकेट गेली असती!"

याला चार महिने झाले. भटजींनी तीन मुहूर्त काढून दिले, काकांनी एकेक तपासला, तिन्ही दिवशी मॅच. अपूर्वा काल कडाडली, "परेश, तू तरी बोल ना बाबांशी! तुला घाई आहे की नाही लग्नाची?" आहे हो, घाई आहे, रात्रंदिवस आहे! पण आता तुम्हीच सांगा… सिरीज एक-एक बरोबरीत असताना मी उठून बोहल्यावर चढू कसा?