सुलतानसमोर गार्ड

(भिसेगावातली पत्र्याची शेड. नमिरा इथे बॉक्सिंग शिकवते. संजना नवीन आहे.)

नमिरा : सोड. मनगट सोड माझं.

संजना : धरलंय व्हय अजून? सॉरी, ताई.

नमिरा : मी ठोसा मारतेय आणि तू मनगट धरून ‘हो बाळा, हो’ म्हणतेस.

संजना : निघतंच तोंडातून. घोडेवाल्याची पोर हाय मी. समोरून काय अंगावर आलं की धरायचं, खाली ओढायचं, चुचकारायचं.

नमिरा : मला नको चुचकारू. गार्ड घे, मुठी गालाला लाव. कोपरं बरगड्यांना. हनुवटी आत. येऊ?

संजना : या.

नमिरा : डोळे उघडून म्हण.

संजना : या... आई गं.

नमिरा : हनुवटी वर केलीस ना? आधीच तिथं निळं पडलंय. आता तरी नाव सांग, मारतो कोण?

संजना : सुलतान.

नमिरा : राहतो कुठं? माझ्या भावाला, ओवेसला घेऊन जाते आणि बघतेच त्याच्याकडे.

संजना : माथेरानला, दस्तुरीच्या तबेल्यात. घोडा हाय, ताई.

नमिरा : घोड्याशी बॉक्सिंग करायला तू माझ्याकडे आलीस?

संजना : मारायचं नाय त्याला. अडवायचं फक्त. बाबा गेल्यापासून लगाम घालायला गेलं की डोकं आदळतो. काका म्हणतात, रविवारपर्यंत तुला जमला नाय तर विकून टाकू. बाबांचं तेवढंच तर राहिलंय.

नमिरा : बाबांना मारायचा?

संजना : कधीच नाय. मी तर त्यांचाच सदरा घालून जाते. वास तरी वळखीचा वाटंल.

नमिरा : करून दाखव. तू सुलतान, मी तू.

संजना : असा येतो. फुर्रर्र...

नमिरा : फुरफुरू नकोस. पुढचं कर.

संजना : मान खाली घालतो. नाक इथं, वरच्या खिशाशी. मग एकदम झटका वर.

नमिरा : त्या खिशात काय ठेवायचे बाबा?

संजना : गुळाचा खडा.

नमिरा : सदरा धुतलास?

संजना : नाय. मनच होत नाय.

नमिरा : मग वासावर गूळच हुडकतोय तो, मिळाला नाही की झटका देतो. तू बुटकी, हनुवटी मधे येते.

संजना : मला वाटायचं, माझ्यावर राग काढतो. बाबांना कुठं ठेवून आलीस म्हणून.

नमिरा : पाणी पी जरा.

संजना : मग आता हात खाली घेऊ, ताई?

नमिरा : घे. हनुवटी तेवढी आत ठेव.