मासा कोणापैकी?

...न्हाई, मासे पाळा की, कोण नको म्हणतंय? पण त्याची एवढी चौकशी कामून? आता आमच्या सुगतचंच बघा. औरादला बँकेत माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो, माणूस सोन्यासारखा. सासुरवाडीला राजेश्वरला गेला, तिथल्या तळ्यातनं बोटाएवढा एक मासा बरणीत घालून आणला आन् घरात काचेच्या पेटीत सोडला. रुपेरी अंग, शेपटीपाशी काळा ठिपका. बघावं, चार दाणे टाकावं, गप बसावं. पण न्हाई, ह्याला त्याचं नाव पायजे. मासा कोणापैकी?

तुम्हाला सांगतो, फोनवर मासे ओळखणाऱ्यांचा कसलातरी ग्रुप हाय, तिथं ह्यानं फोटो टाकला. तिकडनं एक साहेब, एकदम नाकातनं, "कोणत्या गावचा? कोणत्या नदीच्या खोऱ्यातला? मिशा आहेत का? असल्यास किती जोड्या?" आता बोला, मासा वळखायलाय का सोयरीक जमवायलाय? वर म्हणे, अंगावरच्या एका ओळीतले खवले मोजा. अहो, मासा काय न्हाव्यापुढं बसल्यावाणी बसतोय? ह्यानं काचेला नाक लावलं की तो पेटीतल्या झाडामागं, हा झाडाकडं सरकला की तो ह्या टोकाला. बायको पंचशीला चहा घेऊन हुबी, चहावर साय आलेली, आन् हा आपला, "सात... आठ... अरे हालू नको की..."

शेवटी साहेबांचा निकाल आला. "जिवंतपणी खात्री देता येत नाही. स्पिरिटमध्ये बुडवून पाठवा."

तेवढ्यात सासूबाई आल्या राजेश्वरहून, चांगुणाबाई. वाकून पेटीत बघितलं. "जावईबापू, जित्ता मासा कोण वळखतंय? तव्यावर टाका, काट्यावरनं सांगते कोणापैकी हाय त्ये." म्हणजे बघा, ते साहेब कुठले, ह्या बाई कुठल्या, जन्मात गाठ न्हाई, पण मत एक! आधी मरू द्या, मग नाव सांगतो.

आन् सुगतनं मेडिकलातनं स्पिरिटची बाटली आणली हो, खरंच आणली. जाळी हातात घेतली. पण जीव जडलेला. ह्याचं बोट काचेला लागलं की तो मासा कुठूनबी पळत यायचा, तसा आत्ताबी आला. नाव पायजे का मासा पायजे?

तवा पंचशीला बोलली, आवाज न चढवता. "खोली बघत हिंडलो तवा दारादारात इचारायचे, पूर्ण नाव सांगा, कोणापैकी तुम्ही? त्या दिवशी तुम्हाला जेवण जात नव्हतं. आता जाळी घेऊन त्याच्या दारात तुम्हीच हुबे."

सुगतनं जाळी खाली ठेवली. बाटली फडताळात टाकली, ग्रुपातनं बाहेर पडला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

आता तरी जगानं गप बसावं का न्हाई? दुसऱ्या दिवशी घरमालक आले, राघोबाअण्णा. अख्ख्या औरादात ह्या एकट्यानं काय न इचारता खोली दिलेली. पेटीत बघून म्हणले, "हा कोणचा मासा?"

"भाडेकरू हाय, अण्णा."

अण्णा हसले. चहा पिले, उठले, दारापर्यंत गेले... आन् चपलात पाय घालता घालता, "माशाचं ऱ्हाऊ द्या. तुम्ही कोणापैकी, त्ये इचारायचं तेवढं राहूनच गेलं बघा."

सुगतनं एकदा माशाकडं बघितलं आन् म्हणला, "अण्णा, जिवंतपणी खात्री देता येत न्हाई."