नानांसाठी एक दिवा

...तर सगळ्यात आधी मला खटकलं ते हे, की नाना आले ते थेट फ्रिजच्या मागे जाऊन बसले! नाही, हसू नका काकू, मघापासून तुम्हीच कुरकुरताय ना, ही मुलगी कुणाला एवढे फोन लावतेय, एसटीडी बूथ काय हिच्या बापाचा आहे का... मग आता ऐका तरी. तुमचाही वेळ जाईल, माझाही जाईल. हं, तर घरात पाऊल टाकलं, इकडे बघितलं नाही, तिकडे बघितलं नाही, हॉल ओलांडला, स्वयंपाकघर गाठलं आणि फ्रिजच्या मागे गडप! आता कुणी पाहुणा माणूस असं... अहो नाही, माणूस नाही! नाना म्हणजे कासव. माणूस कशाला बसेल फ्रिजच्या मागे?

थांबा, लागतोय वाटतं... लागतोय... छे! 'इस रूट की सभी लाइनें व्यस्त हैं.' इंदूर हो, इंदूर. चार दिवस झाले, रात्री फोनचा हाफ रेट सुरू झाला की मी इथे, आणि ही बाई आपली तिथे, व्यस्त हैं, व्यस्त हैं. अख्खं बदलापूर इंदूरशी बोलतंय की काय?

इंदूरला माझी मालिनी आत्या गेलीय, मुलीच्या बाळंतपणाला. राहते अंबरनाथला, एकटी. म्हणजे ती आणि नाना. नानांना आतोबांनी आणलं होतं. आतोबा गेले, नाना राहिले. आता तुम्हीच सांगा, केवढी जबाबदारी! काल-परवाचं मांजर नाही ते. आत्या सकाळचा पहिला शब्द बोलते तो त्यांच्याशी, रात्रीचा शेवटचा त्यांच्याशी. आणि जाताना कुणाकडे सोपवून गेली? माझ्याकडे! कुकरची शिट्टी झाली तरी जिच्या हातातली बशी पडते, तिच्याकडे! टोपलीतून नानांना खाली ठेवलं, माझा हात हातात घेतला, म्हणाली, "वृंदे, नानांना जप हो. जास्त काही लागत नाही त्यांना. फक्त..." आणि खाली रिक्षावाल्याने हॉर्न मारला. असा हॉर्न, असा हॉर्न, मी दचकून मागे सरकले ती पाण्याच्या पिंपावर! पिंप कलंडलं, आई ओरडली, मी फडकं आणायला धावले, परत येते तर आत्या गेलेली!

फक्त काय? सांगा ना, फक्त काय? काकडी? गाजर? फक्त त्यांना रागावू नका? पाच आठवडे झाले हो, मी त्या 'फक्त'वर लटकलेय.

लावते हं परत, एक मिनिट. शून्य सात तीन... व्यस्त हैं. बरं.

तर फ्रिजच्या मागे. मला वाटलं, घाबरलेत. नवीन घर, नवीन माणसं, मी नाही का कुणाकडे गेले की दाराजवळची खुर्ची धरून बसते? पण मागे ती काळी जाळी असते ना, ती केवढी तापते! चटका बसला तर? शॉक लागला तर? मी काढलं बाहेर. ते परत आत. मी काढलं, ते आत. शेवटी फ्रिजच्या दोन्ही बाजूंना पाट उभे करून ठेवले. मग नाना दोन दिवस पाटाला डोकं लावून उभे. आणि तिसऱ्या दिवशी काकडीची फोड तशीच! सकाळी ठेवलेली, संध्याकाळी तशीच. गाजर तसंच. कोथिंबीर सुकून गेली. पाय आत, मान आत, डोळे मिटलेले.

आई म्हणाली, "थंडी आहे, नसेल भूक." अहो, पण माझं बीएस्सी झालंय! झूलॉजी होतं मला! थंड रक्ताचा प्राणी, शरीराला ऊब बाहेरून घेतो, हे मी पेपरात आकृती काढून लिहिलंय. आणि आमच्या घरात ऊन म्हणाल तर नाही! गॅलरीसमोर हात लांब केला की लागेल एवढ्यावर नवीन बिल्डिंग उभी राहिलीय, त्यांच्या घरी फोडणी घातली की ठसका आम्हाला लागतो. टेरेसवर न्यावं तर टेरेस कुठाय? बिल्डर वरचा मजला चढवतोय. मग मी म्हटलं, सोपं आहे, एक खोका करू आणि वर एक दिवा लावू.

एक दिवा लावायचा होता हो, एक दिवा!

बाबांनी आनंदनगरच्या त्यांच्या कंपनीतून मशिनीचा लाकडी खोका आणला, त्यावर बाण, 'ही बाजू वर'. तो कुठे ठेवायचा? जागा एकच, फ्रिजची. म्हणून फ्रिज सरकवला हॉलमध्ये आणि खोका कोपऱ्यात. आधी लावली ट्यूब. तिचा स्टार्टर असा, की टक्, टक् टक्, पाच मिनिटं नुसती उघडझाप. प्रत्येक 'टक्'ला नाना आत आणि मी उडून दारात. आई म्हणाली, "तुम्ही दोघं एकसारखे. जरा काही वाजलं की मान आत." आणि ऊब? ट्यूबला कसली ऊब!

मग मी गेले उल्हासनगरला, दिव्यांच्या दुकानात. दुकानदार सिंधी, भला माणूस, मोठ्या प्रेमाने ऐकून घेतलं. "बहनजी, कछुआ जिंदा है?" मी म्हटलं, आत्तापर्यंत आहे. त्याने आतून बायकोला बोलावलं, "सुनती हो, इनके घर कछुआ है, ठंड लगी है उसको." तिने डोक्यावरची ओढणी सावरली आणि मला विचारलं, "दवाई दी?" मी म्हटलं, दिवा देणार आहे. दोघं आपसात सिंधीत दोन मिनिटं बोलले, एवढ्या गंभीरपणे, की मला वाटलं आता मलाच बसायला स्टूल देतील. मग तो म्हणाला, "लाल ले जाओ. लाल में ताप ज्यादा." मी घेतला. नको कसं म्हणणार, दोघं इतक्या आशेने बघत होते!

आता लाल म्हणजे काय, तर साधा बल्ब, वरून रंग दिलेला! खोक्यात लावला, पंधरा मिनिटांत वास सुटला, घरभर, जसं कुणी दार रंगवतंय. मी बटण बंद करायला धावते, तोवर तो रंग वितळला आणि टपकन एक थेंब पडला. कुठे? नानांच्या पाठीवर! बरोबर मधोमध! मी पुसला, घासला, खोबरेल लावलं... ढिम्म हलला नाही.

व्यस्त हैं. ऐकलंत? आता तर ही बाई माझ्या स्वप्नात पण येते.

त्यानंतर बाबा म्हणाले, "तुम्ही बाजूला व्हा, हे इंजिनिअरिंगचं काम आहे." बाबा ऑफिसर आहेत हो कंपनीत, पण पर्चेसला. त्यांनी आणला हॅलोजन! शेडबाहेर लावतात ना, ट्रकचे नंबर वाचायला, तो! खोक्यावर टांगला आणि बटण दाबलं. तुम्हाला सांगते, आमच्या स्वयंपाकघरात दुपार झाली! समोरच्या बिल्डिंगमधल्यांनी खिडकीतून विचारलं, "काय हो, लग्न ठरलं का वृंदाचं?" आणि नाना? खोक्याच्या त्या टोकाला, भिंतीत शिरायच्या बेतात. आणि तेवढ्यात फट्! फ्यूज गेला. आमचाच नाही, अख्ख्या विंगचा. मी किंचाळले ती खालच्या मजल्यावर ऐकू गेली म्हणे. मग अंधारात बाबांचा आवाज आला, "लोड जास्त होतोय. फ्रिज बंद करा. नाहीतरी डिसेंबर आहे." केला बंद. तेव्हापासून दूध रोज नासतंय, आई रोज मला ऐकवतेय, आणि फ्रिजमध्ये तिने कांदे ठेवलेत.

एक दिवा लावायचा होता हो!

नाही, अजून संपलं नाही, तुम्ही घड्याळ बघू नका. अंधार झाला म्हणून वरच्या सुनंदाकाकू मेणबत्ती घेऊन खाली आल्या. आल्या, मेणबत्ती खोक्यावर धरली, आत वाकून बघितलं, आणि एकदम हात जोडले! "अगंबाई! पाठीवर कुंकू!" मी म्हटलं, काकू, तो ऑइल पेंट आहे. "कूर्मावतार ग! प्रत्यक्ष! मार्गशीर्षात!" मी म्हटलं, काकू, उल्हासनगरचा पेंट आहे! ऐकतील तर ना! सकाळी उठते तर खोक्यापुढे रांगोळी, हळद, उदबत्ती, आणि आत जास्वंदीची फुलं. दुपारी फुलांतलं एक नव्हतं. अर्धं कुरतडलेलं सापडलं. महिन्याभरात पहिल्यांदा त्यांनी काही तोंडात घातलं, माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं, आणि काकू जिन्यात ओरडत सुटल्या, "नैवेद्य घेतला! नैवेद्य घेतला!" झालं! संध्याकाळी आमच्या घरात बावीस चपला. बायका येतायत, नाकाला उदबत्तीचा धूर, थंड खोक्यात फुलांचा ढीग, आणि नानांनी दुसऱ्या दिवसापासून फुलंही सोडली. बोट लावलं तर हा एवढा गार पाय! आणि उचलून बघितलं तर वजन... नको, ते नको सांगायला.

आणि त्यात अनंता! वायरमन हो, आपल्या इथल्या गणपतीची रोषणाई करतो तो. त्याला बोलावला होता फ्यूज बघायला. तो आला, त्याने रांगोळी बघितली, उदबत्ती बघितली, चपला बाहेर काढल्या आणि मला विचारतो, "ताई, मखर किती दिवसांचं?" मी म्हटलं, मखर नाही रे, खोका आहे, मला फक्त एक साधा, पिवळा, गप्प बसणारा बल्ब पाहिजे. "गप्प कसा चालेल ताई, देवाला?" मी भाजी आणायला गेले, तासाभराने येते तर खोक्याला चारही बाजूंनी माळा! लाल, हिरव्या, निळ्या, पळणाऱ्या! मागे ते गोल फिरणारं चक्र! आणि तो अनंता स्टुलावरून विचारतोय, "ताई, स्पीड वाढवू?" लाल झालं की नाना मान आत, हिरवं झालं की बाहेर, निळं झालं की परत आत... अहो, एवढं तर मी पण नाही दचकत दिवसभरात!

मी म्हटलं, काढ. तर सुनंदाकाकू म्हणतात, "लावलेला दिवा काढू नये." मी म्हटलं, निदान रात्री तरी बंद करू. "शांत करू नये." आई म्हणाली, "त्यांना दुखवू नकोस, सोसायटीच्या सेक्रेटरीच्या सासू आहेत." बाबा म्हणाले, "दुकानदाराने लाल सांगितलाय, यात लाल आहे ना?" म्हणजे बघा, आमच्या घरात आता ट्यूब आहे, हॅलोजन आहे, दीडशे रंगीत दिवे आहेत, समई आहे, आणि मधोमध नाना, गारठून, पापण्या सुजून चिकटलेल्या. काल मी त्यांना माझ्या शालीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसले, हाक मारली, नाना, ओ नाना, नुसती मान हलली, एवढीशी. मला तर वाटतं, हे काही आता... आणि मग आत्याला काय सांगायचं? ती तिकडे नातवाला अंगाई म्हणतेय, आणि मी इकडे तिला काय सांगायचं, की आतोबांनी आणलेले नाना मी दिवे लावून लावून...

नाही, मी रडत नाहीये. धूर गेलाय डोळ्यांत उदबत्तीचा, रोज जातो.

परत लावते. शेवटचं, खरंच शेवटचं, मग तुम्ही लावा काकू. शून्य, सात, तीन...

रिंग जातेय! अहो रिंग जातेय! शू, शू, कुणी बोलू नका! बूथवाले काका, तो रेडिओ बारीक करा!

हॅलो? हॅलो, आत्या? मी! वृंदा! बदलापूरहून! ...आहेत, आहेत, जिवंत आहेत, तू रडू नकोस. ...हो, जेवत नाहीयेत, गार पडलेत, डोळे... नाही, ऐक, आधी मला एक सांग, लाईन जाईल! जाताना तू म्हणालीस ना, जास्त काही लागत नाही, फक्त... फक्त काय, आत्या? फक्त काय? ...हं. ...हं. ...हो. ...ठेवते.

काय म्हणाली? काय म्हणणार...

म्हणाली, "फक्त तेवढा फ्रिज बंद करू नका ग. मागे ऊब असते ना, थंडीभर तिथेच बसतात ते."

कांदे आहेत हो फ्रिजमध्ये, कांदे.